पोराचं रडणं खरं असेल, तर तो शॉट टाकून द्या

पहिल्या पूर्ण लांबीच्या भारतीय सिनेमातच एक लहान मुलगा साप चावून मरतो. १९१३ सालचा ‘राजा हरिश्चंद्र’, आणि रोहिदासाच्या भूमिकेत खुद्द दादासाहेब फाळक्यांचा मुलगा भालचंद्र. रोहिदासाचं पुढे काय होतं, हे कीर्तनाला बसलेल्या कुणाला सांगावं लागत नाही. बापाचं राज्य जातं, मायलेक विकले जातात, पोराला साप चावतो, आई त्याला उचलून मसणात नेते आणि तिथे राबणारा बापच तिच्याकडे दहनाचा कर मागतो. माणसांची विक्री, मुलाची गुलामी, मुलाचा मृत्यू. आज कुणी ही गोष्ट घेऊन ओटीटीवाल्यांकडे गेला तर ते आधी वकिलाला बोलावतील. फाळक्यांचा जन्म १८७० साली त्र्यंबकेश्वरला झाला आणि १९४४ साली ते गेले तेही नाशकातच. पांडवलेण्यांच्या पायथ्याशी त्यांचं स्मारक आहे, शाळांच्या सहली तिथे जातात. तेव्हा विदारक विषयाच्या सिनेमात लहान मुलांना उभं करावं की नाही, हा प्रश्न निदान नाशिककराने तरी मुंबईकरांची डोकेदुखी म्हणून झटकू नये. फाळक्यांनी तो आपल्यापुरता सोडवून टाकला होता: पोर घरचं, पैसा घरचा, जबाबदारीही घरची. आज पोर एकाचं असतं, पैसा दुसऱ्याचा, आणि जबाबदारी कुणाची असं सेटवर विचारलं तर जो तो शेजाऱ्याकडे बघतो.

या प्रश्नावर आपल्याकडे दोनच उत्तरं ऐकू येतात. एक म्हणतं, असल्या घाणेरड्या विषयात मुलांना ओढूच नका, त्यांचं बालपण नासतं. दुसरं म्हणतं, पोरांना काय कळतंय, शूटिंग संपलं की क्रिकेट खेळायला पळतात. मला दोन्ही उत्तरं आळशी वाटतात. माझं म्हणणं एवढंच आहे की विषय कितीही भयंकर असो, मुलाने त्यात अभिनय करायला हरकत नाही. पण अभिनयाच्या नावाखाली त्याच्यावर प्रसंग घडवू नये. त्याचं भेदरणं, रडणं, लाजणं खरं असेल तर तो शॉट कितीही अप्रतिम आला असला तरी टाकून द्यावा. प्रेक्षकाला हा फरक पडद्यावर दिसत नाही, आणि म्हणूनच तो बघणारं कुणीतरी सेटवर हवं.

आधी पहिल्या उत्तराकडे. मुलांना वगळा म्हणजे काय करा? मुलांवर होणाऱ्या अन्यायाच्या गोष्टी मुलांशिवाय सांगा? २०२२ साली आपल्याच जिल्ह्यात, इगतपुरी तालुक्यातल्या कातकरी कुटुंबांतली मुलं थोड्याथोडक्या पैशांवर मेंढ्या राखायला नगरकडे दिली जात होती, हे उघडकीला आलं. एका मुलीचा जीव गेला तेव्हा कुठे त्याची बातमी झाली. दोन-चार दिवस वर्तमानपत्रांत मोठे मथळे आले, वेठबिगारी या शब्दाने शहरातली माणसं दचकली, आणि मग शहर परत हायवेच्या ट्रॅफिककडे आणि द्राक्षांच्या भावाकडे वळलं. या विषयावर सिनेमा व्हायला हवा असं मला तेव्हाही वाटलं, आताही वाटतं. त्यात दहा वर्षांची मुलगी नसेल तर कोण असेल? वीस वर्षांच्या नटीला दोन वेण्या घालून उभी करणार? की मुलगी दिसतच नाही, फक्त मोठी माणसं तिच्याबद्दल हळहळतात असा सिनेमा काढणार? असा सिनेमा मोठ्यांचाच होतो, आणि खऱ्या आयुष्यातही नेमकं तेच झालं होतं.

मराठी सिनेमाने या बाबतीत चांगलं काम केलेलं आहे. संदीप सावंत यांचा २००४ चा ‘श्वास’ घ्या. डोळ्याच्या कॅन्सरमुळे मुलाची नजर जाणार आहे, आणि ते त्याला कसं सांगायचं या पेचात आजोबा आणि डॉक्टर अडकलेत. याहून विदारक विषय कोणता असणार? अश्विन चितळेला त्यासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. तो सिनेमा परत बघताना रडायला कुणाचं तोंड बघून येतं ते जरा निरखा. आपण बहुतेक वेळा आजोबांच्या चेहऱ्याकडे बघत असतो. मुलगा हट्ट करतो, चिडतो, खेळतो. पुढे काय होणार आहे ते आपल्याला माहीत असतं आणि त्याला नसतं, आणि सगळी वेदना या अंतरातून येते. मुलाच्या डोक्यावर ओझं न देता सिनेमा जड करता येतो, याचं याहून चांगलं उदाहरण मला तरी मराठीत सापडत नाही.

आता दुसरं उत्तर, पोरांना काय कळतंय. इथे जरा थांबायला हवं, कारण या एका वाक्याच्या आधारावर शंभर वर्षं मुलांना रडवलं गेलं आहे.

हॉलिवूडमध्ये १९३१ साली ‘स्किपी’ नावाचा सिनेमा आला. त्यातल्या जॅकी कूपर या मुलाला रडू येईना, तेव्हा दिग्दर्शक नॉर्मन तौरोग याने त्याच्या लाडक्या कुत्र्याला गोळी घालण्याचं नाटक रचलं. मुलगा हमसून हमसून रडला. शॉट मिळाला. तौरोगला त्या सिनेमासाठी दिग्दर्शनाचं ऑस्कर मिळालं. हा तौरोग नात्याने त्या मुलाचा काका लागत होता, म्हणजे ‘घरचंच माणूस आहे, काळजी नाही’ या समजुतीचीही वाट लागली. कूपरने पन्नास वर्षांनी, १९८१ साली, आत्मचरित्र लिहिलं आणि त्याचं नावच ठेवलं ‘प्लीज डोन्ट शूट माय डॉग’. मुलं विसरतात म्हणणाऱ्यांनी हे नाव एकदा मोठ्याने वाचावं.

हे सगळं अमेरिकेत आणि जुन्या काळी होत होतं, असं समजायचं कारण नाही. काही वर्षांपूर्वी नाशकातल्या एका शाळेत बालनाट्याच्या तालमीला जाऊन बसलो होतो. राज्य बालनाट्य स्पर्धा जवळ आली की शहरातल्या शाळा आणि संस्था झपाटल्यासारख्या कामाला लागतात, आणि हल्ली परीक्षकांसमोर परीकथा चालत नाही, ‘सामाजिक आशय’ लागतो. नाटक कांद्याच्या शेतकऱ्याचं होतं. बाप आत्महत्या करतो. स्टेजवर तो प्रसंग दाखवत नव्हते, फक्त रिकामी खाट आणि त्यावर बापाची टोपी. सातवीतला मुलगा येतो, टोपी उचलतो आणि रडतो. मुलगा टोपी छान उचलायचा, पण रडायचा खोटं, म्हणजे कोपराने डोळे पुसायचा, आपण लहानपणी पुसायचो तसे. बाईंनी दोनदा करून दाखवलं. मग त्या त्याला बाजूला घेऊन म्हणाल्या, “तुझे आजोबा गेले ना रे दिवाळीत? ते आठव. त्यांना घरातून नेलं तो दिवस आठव.” पुढच्या वेळी तो खरा रडला. बाकीच्या मुलांनी टाळ्या वाजवल्या. तो मात्र पुढच्या एंट्रीला आलाच नाही; बाहेर नळावर तोंड धूत उभा होता, नळ चालूच ठेवून. बाई काही दुष्ट नव्हत्या. मोठ्या नटांना शिकवण्याची जी पद्धत त्या शिबिरात शिकून आल्या होत्या, तीच त्यांनी बारा वर्षांच्या मुलावर वापरली. मोठ्या माणसाला आपल्या दुःखात उतरून परत वर यायची थोडीफार सवय झालेली असते. मुलाच्या हातात तशी दोरी कुणी दिलेली नसते.

आणि स्पर्धेत हा प्रयोग एक-दोनदाच होतो. सिनेमात तो शॉट आधी लांबून घेतात, मग मध्यम अंतरावरून, मग क्लोजअप, मग समोरच्या नटाच्या खांद्यावरून. मधेच विमान जातं, फोकस हुकतो, मेकअप ओघळतो. पहिल्या टेकला मूल खरं रडलं तर पुढच्या प्रत्येक टेकला ते खरंच रडायला हवं, नाहीतर शॉट जुळत नाहीत. त्यामुळे खरं रडू हे धंद्याच्या दृष्टीनेही वाईट तंत्र आहे. ज्याला खोटं रडता येतं, तेच मूल संध्याकाळपर्यंत टिकतं. कोपराने डोळे पुसणाऱ्या त्या मुलाला शिकवायला हवं होतं ते रडणं नव्हे, तर श्वास कसा अडखळतो, मान कधी खाली जाते, टोपी किती हळू ठेवायची. ही कारागिरी मुलांना भराभर येते, आणि त्यात त्यांना मजाही येते.

उरलेलं काम कॅमेरा आणि एडिटिंग करतात. रशियन दिग्दर्शक लेव्ह कुलेशोव्ह याने शंभर वर्षांपूर्वी दाखवून दिलं होतं की नटाचा तोच चेहरा सूपाच्या ताटलीशेजारी जोडला की भुकेला वाटतो आणि शवपेटीशेजारी जोडला की दुःखी वाटतो. मुलाने काकडीच्या गाडीकडे टक लावून बघावं आणि पुढच्या शॉटला आपल्याला प्रेत दिसावं. तो प्रेताकडेच बघत होता याबद्दल प्रेक्षकाला शंकासुद्धा येणार नाही. स्टॅन्ली कुब्रिकने ‘द शायनिंग’ करताना पाच-सहा वर्षांच्या डॅनी लॉइडला आपण भयपटात काम करतोय हे कळूच दिलं नव्हतं. तो मुलगा मोठा होऊन जीवशास्त्राचा प्राध्यापक झाला.

पण या उदाहरणावर मी पूर्ण खूश नाही. पाच वर्षांच्या मुलाला न सांगणं ही माया आहे. बारा वर्षांच्या मुलीला न सांगणं ही फसवणूक आहे. तिला गोष्ट काय आहे, आपण त्यात कोण आहोत, लोक आपल्याला कशात बघणार आहेत हे कळायलाच हवं, आणि कळल्यावर ‘मला नाही करायचं’ म्हणायची तिला मुभा हवी. शूटिंगच्या तिसऱ्या दिवशीसुद्धा. सेट लागलाय, जनरेटर भाड्याने आणलाय, मोठा नट मुंबईहून कसारा घाट चढून आलाय, अशा वेळीसुद्धा. ही मुभा कागदावर द्यायला सगळेच तयार असतात. त्या दिवशी ती कोण देतं, हा खरा मुद्दा आहे.

लैंगिक अत्याचाराच्या प्रसंगांबद्दल मात्र मला वाद घालायचाच नाही. तिथे मुलाचं शरीर त्या दृश्यात असताच कामा नये, सूचक सुद्धा नाही. २०१२ च्या पोक्सो कायद्यात मुलांच्या अश्लील चित्रणाविरुद्ध तरतूद आहे, आणि अभिनय म्हणून केलेलं कृत्यही त्यातून सुटत नाही. आणि असं दृश्य मुलाशिवाय करता येतं. २०१८ च्या ‘द टेल’ या अमेरिकन सिनेमात लहान मुलीच्या जागी त्या दृश्यांसाठी प्रौढ बॉडी डबल वापरली आणि मुलीच्या चेहऱ्याचे शॉट वेगळे घेतले. सिनेमा बोथट झाला नाही. ज्या दिग्दर्शकाला मुलाला त्या खोलीत न्यावंच लागतं, त्याला आपलं काम येत नाही, एवढंच मी म्हणेन.

सेटवर सगळं नीट झालं, असं धरून चालू. पुढे काय? मूल घरी येतं, शाळेत जातं. सिनेमात ज्या मुलावर अत्याचार झाला, त्याला वर्गातली पोरं काय नावाने हाक मारतील हे सांगायला मानसशास्त्रज्ञ लागत नाही. अफगाणिस्तानातली गोष्ट सांगणाऱ्या ‘द काईट रनर’ या सिनेमाच्या वेळी हेच मोठ्या प्रमाणावर झालं. काबूलमधल्या ज्या मुलाने बलात्कार झालेल्या मुलाची भूमिका केली, त्याला आणि त्याच्या साथीदारांना आपल्या समाजातून धोका होईल अशी भीती निर्माण झाली, म्हणून २००७ साली निर्मात्यांना प्रदर्शन पुढे ढकलून त्या मुलांना संयुक्त अरब अमिरातीत हलवावं लागलं. आपल्याकडे देश सोडायची वेळ येणार नाही, पण सिडकोतल्या एखाद्या कॉलनीत किंवा निफाडजवळच्या एखाद्या गावात एका मुलीचा बारा सेकंदांचा रील व्हॉट्सअॅपवर फिरायला लागला, मागचंपुढचं सगळं कापून, तर तिच्या आईने कुणाच्या दारात जायचं? पूर्वी सिनेमा थिएटरमधून उतरला की संपायचा. आता तो तुकड्या-तुकड्यांनी आयुष्यभर पुरतो. यातली गंमत म्हणजे असा सिनेमा बहुतेक वेळा ‘ए’ प्रमाणपत्र घेऊन येतो. म्हणजे ज्या मुलीने तो तोलून धरला, तिला तो थिएटरात बघता येत नाही. वर्गमित्र मात्र तो मोबाइलवर बघतात.

कायदा काय म्हणतो? २०१६ च्या दुरुस्तीने बालमजुरीच्या कायद्यात चौदा वर्षांखालच्या मुलांना कलाकार म्हणून काम करायची सूट दिली, शाळेला धक्का लागणार नाही या अटीवर. सर्कस त्यातून वगळली. २०१७ च्या नियमांनुसार दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम नाही, विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा जास्त नाही, सलग २७ दिवसांपेक्षा जास्त नाही, पाच मुलांमागे एक जबाबदार माणूस, आणि कमाईचा किमान २० टक्के वाटा मुलाच्या नावाने राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत. शूटिंग ज्या जिल्ह्यात होणार तिथल्या जिल्हा दंडाधिकाऱ्याची परवानगी निर्मात्याने घ्यायची. म्हणजे इगतपुरीच्या बंगल्यात शूटिंग असो की गोदाघाटावर, कागद नाशिकच्या कलेक्टर कचेरीतच यायला हवा.

नियम वाईट नाहीत. मुलाच्या मनाविरुद्ध काम करून घेऊ नये असं त्यांत लिहिलंय, मानसिक आरोग्याचाही उल्लेख आहे. पण मोजता येतं ते तास आणि टक्के. पाच तास बागेत फुगे पकडणं आणि पाच तास बापाच्या प्रेताशेजारी बसणं, घड्याळाला दोन्ही सारखंच. आणि तो ‘जबाबदार माणूस’ निर्मात्याच्याच पगारावर असतो. संध्याकाळी सूर्य बुडायला वीस मिनिटं उरलेली असताना तो दिग्दर्शकाला ‘थांबा’ म्हणेल, असं ज्याला वाटतं त्याने सेट बघितलेला नाही.

आई-वडील म्हणतील, मग आम्ही कशाला आहोत? त्यांच्यावर टीका करायला मला संकोच वाटतो, कारण मुलाचं भलंच त्यांच्या मनात असतं. पण ऑडिशनचा मेसेज व्हॉट्सअॅप ग्रुपवर आला की जे होतं ते बघण्यासारखं असतं. सुट्टीतल्या अभिनय शिबिराची भरलेली फी, नातेवाइकांना सांगून झालेलं, मुंबईच्या फेऱ्यांसाठी बापाने टाकलेल्या रजा, एवढं सगळं मागे उभं असताना ‘माझ्या मुलाला त्रास होतोय, पॅकअप करा’ हे आई म्हणू शकत नाही. ती मुलाला म्हणते, “एवढा एकच शॉट, बाळा.” शिवाय याच पालकांना शाळेच्या गॅदरिंगमध्ये आठ वर्षांच्या मुलीने कंबर उडवत आयटम साँगवर केलेला नाच चालतो, मोबाइल उंच धरून ते त्याचं शूटिंग करतात; आणि गंभीर सिनेमातली मुलगी पाहून मात्र त्यांना संस्कृती आठवते. मला विचाराल तर मालिकांमधलं टीआरपीसाठी महिन्या-महिन्याला पळवून नेलं जाणारं, हरवणारं, कोमात जाणारं मूल जास्त धोक्यात असतं. तिथे विषयाला गांभीर्य नसतं, म्हणून काळजीही कुणी घेत नाही.

म्हणून माझी मागणी छोटी आहे आणि नाशकापासून सुरू करता येण्यासारखी आहे. परवानगीच्या अर्जासोबत मूल ज्या दृश्यांत आहे ती दृश्यं जोडायला लावावीत, आणि ती दृश्यं कशी चित्रित करणार हे लिहून घ्यावं. विषय जड असेल तर निर्मात्याच्या खर्चाने पण जिल्ह्याने नेमलेला समुपदेशक सेटवर असावा. आपल्या शहरात म्हसरूळला राज्याचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ आहे, बालकल्याण समिती प्रत्येक जिल्ह्याला असते, माणसं शोधायला पुण्याला जायला नको. त्या समुपदेशकाच्या हातात एकच अधिकार हवा, शॉट थांबवण्याचा, आणि सिनेमा प्रदर्शित झाल्यावर शाळेत जाऊन वर्गशिक्षकांशी बोलण्याचं कामही त्याच्याकडेच असावं. याने सिनेमे महाग होतील, अशी ओरड होईल. होतील थोडे. ड्रोनचं भाडं देणाऱ्यांना हेही जमेल.

राहता राहिला मेंढ्यांमागे गेलेल्या त्या मुलीचा सिनेमा. तो कुणी काढला तर तिची भूमिका कुणी करावी, यावर मित्रांशी माझे वाद झालेत. कॉलेज रोडवरची, इंग्रजी शाळेतली, तोंडाला काळं फासून उभी केलेली मुलगी मला नको. ते दिसायलाही खोटं आणि वागायलाही. कातकरी मुलीनेच ती करावी, तिला तिच्या बोलीत बोलू द्यावं, आणि तिला मिळणारे पैसे शहरातल्या बालकलाकाराइतकेच असावेत, ठेवीतले २० टक्के तिच्या नावावर जमा झाल्याचं पासबुक तिच्या आईच्या हातात असावं. १९८८ च्या ‘सलाम बॉम्बे’ या सिनेमात रस्त्यावरच्या मुलांनीच कामं केली, त्या मुलांसाठी पुढे संस्था उभी राहिली, ती चांगलीच गोष्ट झाली. तरी मुख्य भूमिकेसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळवलेला मुलगा नंतर बंगळुरूत रिक्षा चालवत होता, हेही खरं आहे. पण आपल्या सिनेमातली कातकरी मुलगी जीव गेलेल्या त्या मुलीच्याच पाड्यावरची नसावी. ज्या घरातून एखादं मूल खरोखर मेंढ्यांमागे गेलं होतं, त्या घरातली तर नकोच. ‘तिने ते जगलेलं आहे, ती उत्तम करेल’ असं कास्टिंग करणारा माणूस म्हणेल, आणि नेमक्या त्याच कारणासाठी तिला घ्यायचं नाही.